बियाण्याच्या पाच पाट्या

सिंधूमावशींनी पदरातून कांदा काढला आणि माझ्या मायक्रोस्कोपशेजारी ठेवला. वरून चांगला लाल, टपोरा कांदा. मी अंगठ्याने साल सरकवली तर खाली काजळी. बोट काळं झालं.

“पाच पाट्या हायेत,” त्या म्हणाल्या. “रोज दोन-तीन असं निघत्यात. दिवाळीपतूर काय ऱ्हाईल सांगा.”

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आळेफाट्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमचा प्लांट होता. प्लांट म्हणजे फार मोठं नाव झालं. पत्र्याची शेड, एक बॉयलर, गवत भरायच्या दोन स्टीलच्या टाक्या आणि मागे एक खोली, जिला लॅब म्हणायचं. टाकीत गवती चहा दाबून भरायचा आणि खालून वाफ सोडायची. वाफ गवतातलं तेल घेऊन वर जाते, थंड नळीतून उतरताना तिचं पाणी होतं आणि त्या पाण्यावर पिवळं तेल तरंगतं. याला इसेन्शियल ऑइल म्हणतात. गाडीभर गवतातून बादलीचा तळ जेमतेम झाकेल एवढं निघतं. मी तिथला मायक्रोबायोलॉजिस्ट, केमिस्ट आणि शेड गळायला लागली की पत्रेवाल्याला बोलावून आणणारा माणूस होतो.

सिंधूमावशी बोरी बुद्रुकच्या. मुलगा पुण्याला नोकरीला, शेत त्या आणि सून वैशाली बघायच्या. बांधावर त्यांनी गवती चहा लावला होता आणि त्याचे भारे टेम्पोने आमच्याकडे यायचे. त्या दिवशी भाऱ्यांबरोबर त्या स्वतः आल्या.

“हा खायचा कांदा आहे का?” मी विचारलं.

“खायाचा आखाडातच गेला मंचरला. ह्यो बियाचा.”

इथे थोडं समजावून सांगायला हवं. कांद्याचं बी हे नाठाळ बी आहे. एका वर्षात दम सोडतं, दुसऱ्या वर्षी पेरलं तर उगवत नाही. म्हणून ज्यांचं घरचं वाण असतं, ते दरवर्षी चांगल्यातले चांगले कांदे निवडून बाजूला ठेवतात. पावसाळाभर ते सांभाळायचे आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना फुलांचे दांडे येतात, त्यांना डेंगळे म्हणतात. त्या डेंगळ्यांतून उन्हाळ्यात काळं बी झडतं. मावशींच्या घरचा कांदा त्यांच्या आजेसासूपासून असा एका वर्षाचा हात दुसऱ्या वर्षाच्या हातात देत आला होता. तिखट, बारीक मानेचा, टिकायला चिवट. गावात त्याला त्यांच्याच घराच्या नावाने ओळखायचे. हे बी त्या विकत नसत आणि उंबऱ्याबाहेर देत नसत. फक्त लेकीला सासरी जाताना द्यायचं. त्यांची लेक आळ्याला दिलेली. तिच्या सासरी दोन वर्षांपासून दुकानातलं पाकिटाचं बी पेरत होते.

त्या उन्हाळ्यात मावशींचे डेंगळे गारपिटीत झोडपले गेले, ताजं बी हाती आलं नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते त्या पाच पाट्यांत, पाच टोपल्यांत होतं.

“आधी कधी असं झालं होतं?”

“न्हाई. आधी जुड्या बांधून आढ्याला टांगायचो, चुलीवर. धूर लागायचा. आता स्लॅबचं घर झालं, गॅस आला. धूर कुठनं आणू? अन् केला तर सून खोकती.”

मला गंमत वाटली. धुरात फिनॉल नावाची रसायनं असतात, ती बुरशीला रोखतात. तीन पिढ्या या घरच्या बायका चुलीवर अँटिफंगल ट्रीटमेंट करत होत्या आणि त्यांना ठाऊक नव्हतं. मी हे त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, “असंल.”

मी त्या कांद्यावरची काजळी सुईने उचलून पेट्री डिशमध्ये लावली. पेट्री डिश म्हणजे झाकणाची काचेची बशी. तिच्यात अगार नावाची खळ ओततात, जेली थिजते तशी ती थिजते, आणि तिच्यावर बुरशी वाढते. चार दिवसांत बशी काळीकुट्ट झाली. मग दुसऱ्या बश्यांत तीच बुरशी लावली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आमच्या गवती चहाच्या तेलाचा एकेक थेंब टाकला. तेल बुरशीला लागू दिलं नाही. नुसती वाफ. चार दिवसांनी झाकण उघडलं तर बशी स्वच्छ. धुऊन ठेवल्यासारखी.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आमच्या धंद्यात अशी बशी रोज दिसत नाही.

ते तेल आधीच पुण्याला जीसीला पाठवलं होतं. जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. तेलाची वाफ एका लांबलचक बारीक नळीतून सोडतात. शाळा सुटल्यावर पोरं जशी आपापल्या चालीने घरी पोचतात, तसा तेलातला एकेक घटक आपापल्या वेळी नळीच्या टोकाला येतो आणि कागदावर त्याचा एक डोंगर उमटतो. आमच्या कागदावर दोन उंच डोंगर शेजारी शेजारी होते. जिरॅनियल आणि नेरल. या जोडीला सिट्राल म्हणतात. गवती चहाचा वास म्हणजे हाच सिट्राल. तेल अस्सल होतं, बुरशी मेली होती, कारणही हातात होतं.

मी कागद आणि बशी घेऊन मालकांकडे गेलो. त्यांना सगळे साहेबच म्हणत. तेल मुंबईच्या साबणवाल्यांना विकून विकून ते कंटाळले होते.

“कांद्यावर चालेल?” साहेबांनी विचारलं.

“डिशमध्ये चाललं आहे.”

“मंचरला किती कांदा येतो ठाऊक आहे ना तुला? तुझे वडील त्यातलेच.”

“ठाऊक आहे.”

“मग ट्रायल घे. त्या बाईच्या पाट्या आहेतच. फोटो काढ. दिवाळीनंतर प्रदर्शनात स्टॉल लावू.”

वडिलांचं खरं होतं. जुन्नरच्या बाजारात अब्बांचा कांदा-लसणाचा व्यापार. मी कांद्याच्या गोण्यांवर बसून अभ्यास केला. पण आमच्या घरी कांदा म्हणजे माल. सुकलेला, गोणीत शिवलेला, कुठेतरी जायचा. जमिनीत लावायचा कांदा मी कधी हातात धरला नव्हता. मी हे आज लिहितोय. तेव्हा मला वाटत होतं की कांद्याबद्दल मला कुणी काही सांगू नये.

श्रावणात बोरीला गेलो. मावशींच्या नव्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती. दोन खिडक्या, एक दार. पाट्या ओळीने मांडल्या होत्या. मी कापसाचे बोळे तेलात भिजवून वाट्यांत ठेवले, पाट्यांवर प्लास्टिकचा कागद पसरला आणि खिडक्या लावून घेतल्या.

मावशींनी एक खिडकी परत उघडली.

“भाऊ, कांद्याला वारा लागतो.”

“वारा लागला तर तेल उडून जाईल मावशी. बंदच ठेवायचं.”

“मग त्यो श्वास कुठनं घेईल? जीव हाय त्यात.”

“कांदा आहे तो मावशी, वासरू नाही,” मी म्हणालो आणि हसलो. वैशालीही हसली. मावशींनी खिडकी लावली.

पाच पाट्यांपैकी एक मी शेजारच्या खोलीत हलवायला सांगितली. “हिला काही करायचं नाही. तेल नाही, कागद नाही. हिला कंट्रोल म्हणतात.”

“का? तिनं काय पाप केलं?”

“पाप नाही. चार पाट्यांना औषध दिलं आणि त्या वाचल्या, तर औषधाने वाचल्या की आपोआप वाचल्या, हे कळायला एक बिनऔषधाची लागते. तिच्याशी तुलना करायची.”

मावशींना हे पटलं नाही. “एका पंगतीत चौघांना वाढायचं अन् पाचव्याच्या पानात काय न्हाई, असं नसतंय भाऊ. बसलेल्याला उठवत्यात का?”

मी आग्रह धरला. त्यांनी पाटी हलवली, पण तिच्याकडे पाठ करून.

पंधरा दिवसांनी गेलो तर चमत्कारच होता. चार पाट्यांत एकही नवा कांदा काळा नव्हता. पाचवीत मात्र दिवसाआड एखादा निघतच होता. याहून चांगला रिझल्ट मिळत नसतो. त्या दिवशी साहेबही जीपमधून आले होते. मावशींनी त्या पाचव्या पाटीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“आता तर कळलं ना तुमाला? मग हिला पण घेऊ द्या आत. सडत्यात बिचारे.”

साहेब म्हणाले, “घे रे. फोटोत चारपेक्षा पाच बऱ्या दिसतील.”

मी म्हणालो, “आणा आत.”

तीन सेकंदांचं काम. लॅबमध्ये कंट्रोलच्या बशीला कुणी हात लावला असता तर मी त्याच्यावर ओरडलो असतो. ट्रायल संपेपर्यंत कंट्रोल हलत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतं. पण मला मावशींची दया आली, साहेबांची घाई होती, आणि मला जे सिद्ध करायचं होतं ते झालं असं मी धरून चाललो. मावशींना एक गोष्ट ठाऊक होती, ती मी त्यांना सोडायला लावली. मला एक गोष्ट ठाऊक होती, ती मी सोडली. राहिलं काय?

भाद्रपदात पुन्हा गेलो. खोलीत गवती चहाचा वास इतका की डोळ्यांत पाणी यायचं. कांदे नुसते चमकत होते.

मावशी एक कांदा फिरवून फिरवून बघत होत्या. “औंदा मानेतनं कोंबाचं टोक न्हाई दिसत अजून. ह्या दिवसांत दिसतं जरा हिरवं.”

“चांगलंच आहे की. कांद्याची ताकद आतच राहतेय.”

हे मी कशाच्या आधारावर बोललो? कशाच्याच नाही. शिकलेल्या माणसाला ‘ठाऊक नाही’ म्हणायची लाज वाटते. मलाही वाटली.

फोटो झाले. रिपोर्ट मी टाइप केला. त्यात बुरशीचा रकाना होता, वासाचा होता, रंगाचा होता. शेवटी शेरा दिला, ‘उत्तम’. साहेबांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या.

दिवाळी झाली आणि मावशींचा निरोप आला की उद्या लावण आहे, या. मी मिठाईचा पुडा घेऊन गेलो. शेताच्या कडेला पाच पाट्या, विळा, पाण्याची कळशी, पाट्यांवर हळदकुंकू. कांदा लावताना वरचा शेंडा कापतात, म्हणजे कोंबाला वाट मिळते आणि आतला जीवही दिसतो. मावशींनी पहिला कांदा घेतला आणि विळ्यावर कापला.

तो बघून बाजूला ठेवला. दुसरा कापला. तिसरा कापला.

“काय झालं?” मी विचारलं.

त्यांनी कांदा माझ्यापुढे धरला. पांढऱ्या पाकळ्या स्वच्छ, रसरशीत. पण मधोमध, जिथे पोपटी कोंब असायला हवा, तिथे तपकिरी, सुरकुतलेली कांडी होती. चहाच्या चोथ्यासारखी. मी दुसऱ्या पाटीतला घेतला. तिसऱ्या पाटीतला. पाचव्या पाटीतला घेतला. सगळ्यांत तेच.

“असं असतं का हो भाऊ, औषधानं?” वैशालीने विचारलं.

मला उत्तर त्याच क्षणी कळलं होतं. सिट्राल बुरशीची पेशी वाढू देत नाही. कोंब तरी दुसरं काय असतो? तोही वाढणाऱ्या पेशींचा पुंजकाच. बंद खोलीत, प्लास्टिकखाली, सगळा पावसाळा मी त्याला तीच वाफ देत होतो. साली मेलेल्या असतात, त्यांना काही झालं नाही. म्हणून कांदे चमकत होते. जे जिवंत होतं तेवढंच नेमकं मेलं.

मी म्हणालो, “लावून बघू या.”

का म्हणालो? त्या दोघींच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणवेना.

लावले. मावशींनी एकेक कांदा सरीत असा बसवला की त्याला लागू नये. मी पंधरा दिवसांनी गेलो. सरी ओल्या, जमीन काळी. हिरवं काही नाही. आठवड्याने पुन्हा गेलो. मावशी पाणी देत होत्या.

“अजून देताय?”

“एखादा मागं ऱ्हातो. लेकरागत असतंय, एखादं उशिरा चालतं.”

एकही चालला नाही.

आळ्याच्या लेकीकडे मी स्वतः जाऊन आलो. तिने कोठी उपसली आणि माळ्यावरचे डबे काढले. एका चिंधीत आईचं बी सापडलं, चार वर्षांपूर्वीचं. माझ्या जिवात जीव आला. लॅबमध्ये ओल्या टिपकागदावर ते मांडलं आणि रोज सकाळी प्लांटवर पोचल्यावर बॉयलरकडे न बघता आधी ते बघायला जायचो. बी फुगलं, मऊ झालं आणि कुजलं. शेवटी त्यावरही काळी बुरशी आली. तीच.

साहेबांना सांगायला गेलो. स्टॉलसाठी पत्रकाचा मसुदा त्यांच्या टेबलावर होता.

“कोंब मरतो?” त्यांनी विचारलं.

“सगळे मेले. त्या बाईचं वाण गेलं साहेब. आता कुठेच नाही.”

माणूस वाईट नव्हता. “वाईट झालं,” म्हणाले. मग पेन उचललं. “पण साठवणीच्या कांद्याला कोंब येऊ नये म्हणूनच लोक धडपडतात ना? हा तर फायदा आहे.”

त्यांनी पत्रकात एक ओळ वाढवली: कांद्याला कोंब येत नाहीत.

“निदान खाली लिहा साहेब, बियाण्याच्या कांद्याला वापरू नये.”

“लिहू की.”

छापलेल्या पत्रकात ती ओळ होती. वाचायला भिंग लागलं असतं. पुढे ते औषध चाललंही नाही. मंचरच्या व्यापाऱ्यांनी कांदा हुंगला आणि म्हणाले, राव, ह्याचा चहा करायचा का भाजी? साहेब परत साबणवाल्यांकडे वळले. म्हणजे मावशींचं वाण गेलं, ते कुणाच्या फायद्याकरताही गेलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. इथे बैल दुसऱ्याचा होता.

मार्गशीर्षात शेवटचा गेलो. मावशी खुरप्याने सरी उकरत होत्या, गहू टाकायचा म्हणून. काही कांदे ओलीने सडले होते. काही अजून घट्ट होते. ते त्यांनी ओच्यात घेतले. दुपार झाली होती. बांधावर गवती चहाच्या ठोंबांशेजारी बसून त्यांनी भाकरी सोडली, एक कांदा धुतला, बुक्कीने फोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

“मावशी, नको.”

“का? इख हाय का त्यात?”

“नाही. विष नाही.”

“मग खावा की. टाकायचा कसा?”

मी खाल्ला. आधी तिखट, नाकात जाणारा. मग मागून आमच्या तेलाचा वास. मावशी खूप वेळ चावत राहिल्या.

“चव तीच हाय बघा,” त्या म्हणाल्या. “आमच्या आत्याबाईंनी पयल्यांदा दिला व्हता मला, लगीन होऊन आले तवा. अशीच चव व्हती.”

मी मान खाली घातली. त्या रागावतील, शिव्या देतील अशी मी वाट बघत होतो. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुतेक झालं नाही. त्यांनी ओच्यातले उरलेले कांदे मोठाल्या पानात बांधून मला दिले. घरी न्या म्हणाल्या. अम्मीने भाजीत घातले. मी जेवलो नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी नारायणगावच्या दुकानातून पाकीट आणलं. गवती चहाचे भारे टेम्पोने येत राहिले. त्या मात्र भाऱ्यांबरोबर परत कधी आल्या नाहीत.

मी नंतर तीन लॅब बदलल्या. आजही कुणी नवीन तेलाची स्वच्छ बशी घेऊन नाचत येतं, तेव्हा मी आधी विचारतो, हे कशाला लावणार? बुरशी मेली हे दिसतंच असतं. बाकी काय काय मेलं, ते बशीत दिसत नाही.

धडा सांगायचा तर एवढाच. कंट्रोलची पाटी कुणाच्या दयेखातर हलवायची नाही. आणि ज्याला औषध द्यायचं त्यात जीव आहे का, हे आधी त्याच्या मालकिणीला विचारायचं. मला तर मावशींनी न विचारताच सांगितलं होतं.